ओळ २१४ वर रिकामं काय होतं?

काही वर्षांपूर्वी मी पार्सलवर चिकटवायची लेबलं तयार करणाऱ्या एका सिस्टिमवर काम करत होतो. दुकानदाराची ऑर्डर आली की त्यातून ग्राहकाचं नाव आणि पत्ता काढायचा, पिनकोड बरोबर आहे का ते तपासायचं आणि लेबल छपाईला पाठवायचं, एवढंच तिचं काम. एका रात्री काही ऑर्डरी मध्येच अडकायला लागल्या. सगळ्या नाही, अधूनमधून एखादी. लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदींची फाइल, उघडला तर त्यात नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर, तिच्याखाली फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक २१४. पुढे काही नाही.

ओळ २१४ अशी होती:

मागणी.ग्राहक().पत्ता().पिनकोड().तपास();

(आमच्या कोडमधली नावं अर्थातच रोमन लिपीत होती. पण तो कोड जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता, आणि जावात व्हेरिएबलची आणि मेथडची, म्हणजे वस्तूकडून करून घ्यायच्या कामांची, नावं देवनागरीतही लिहिता येतात, काना-मात्रा-वेलांट्यांसकट. कोडचं मशीनसाठीच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर काही कुरकुर करत नाही. म्हणून इथे नावं मराठीतच ठेवतो.)

माझ्याबरोबर बसलेल्या सहकाऱ्याने स्क्रीनकडे बघून विचारलं, "अरे, ओळ तर दिसतेय. पण त्या ओळीत रिकामं काय होतं?" याचं उत्तर लॉगमध्ये नव्हतं. मागणीच आली नसेल. मागणी असेल, पण तिला ग्राहक जोडलेला नसेल. ग्राहक असेल, पत्ता नसेल. पत्ता असेल, पिनकोड नसेल. एका ओळीत चार शक्यता. आम्ही ती ओळ तोडून चार ओळी केल्या, म्हणजे निदान ओळीच्या क्रमांकावरून उलगडा होईल. कोड पुन्हा डिप्लॉय केला, म्हणजे चालू सिस्टिमवर चढवला, आणि तशीच एखादी ऑर्डर यायची वाट बघत बसलो. उत्तर मिळायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

नंतर बऱ्याच काळाने मला एक गोष्ट कळली आणि तीच या लेखामागचं कारण आहे. त्या रात्री मशीनला उत्तर माहीत होतं. नेमकी कुठली वस्तू रिकामी निघाली हे शोधायला लागणारी सगळी माहिती त्या एरर ऑब्जेक्टच्या पोटात आणि कंपाइल केलेल्या फाइलमध्ये पडून होती. ती वाचून माणसाला सांगायचं काम तेवढं कोणी केलेलं नव्हतं. पुढे जावाने ते काम केलं, आणि ते कसं केलं हे प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

नल म्हणजे काय

जावामध्ये 'ग्राहक' नावाच्या व्हेरिएबलमध्ये प्रत्यक्ष ग्राहक नसतो. तिथे एक चिठ्ठी असते आणि ग्राहकाची माहिती मेमरीत कुठे ठेवली आहे त्या जागेचा नंबर तिच्यावर असतो. चिठ्ठी कोरी असेल तर ती नल. कोरी चिठ्ठी एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला दिली, तोपर्यंत काहीच बिघडत नाही. ती घेऊन कोणी त्या जागेवर जायला निघालं की मग गाडी अडते. त्या अडण्याचं नाव नलपॉइंटरएक्सेप्शन.

ही कोरी चिठ्ठी टोनी होर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी रेफरन्सची रचना करताना आणली. क्विकसॉर्टचा शोध लावणारे आणि १९८० चं ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे हेच ते होर. २००९ साली लंडनमधल्या एका परिषदेत त्यांनी नलला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. करायला अगदी सोपं होतं म्हणून मोह आवरला नाही, असं कारणही त्यांनी सांगितलं. सी, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, जावास्क्रिप्ट या सगळ्यांनी ती कल्पना या ना त्या रूपात उचलली आणि तिच्याबरोबर ही एररही आली.

नल आता हटवता येणार नाही. जगात चालू असलेला जावाचा कोड इतका अफाट आहे की तो कोणी नव्याने लिहायला बसणार नाही. तेव्हा एरर येणारच. आली की तिने काय सांगावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

कोरी चिठ्ठी पकडतं कोण

आता थोडं खोलात जाऊ, कारण खरी गंमत इथे आहे.

सहज विचार केला तर वाटतं, जावा प्रत्येक टिंबापाशी थांबून "ही चिठ्ठी कोरी तर नाही ना?" असं विचारत असेल. तसं केलं तर प्रोग्राममध्ये कोट्यवधी वेळा तीच चौकशी होईल, आणि तीही बहुतेक वेळा फुकट. म्हणून जावाचा कोड चालवणारं नेहमीचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हॉटस्पॉट नावाचा प्रोग्राम, बहुतेक ठिकाणी चौकशी करतच नाही. ते थेट त्या जागेवर जातं. नल म्हणजे मेमरीतली शून्य नंबरची जागा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने शून्याच्या आसपासचा भाग मुद्दाम कुलूपबंद ठेवलेला असतो. तिथे हात घातला की प्रोसेसर तक्रार करतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला एक सिग्नल पाठवते. सी भाषेतला साधा प्रोग्राम या सिग्नलने जागच्या जागी मरतो. जावाचं मशीन मात्र या सिग्नलची वाटच बघत असतं. सिग्नल आला की कुठल्या आज्ञेवर असताना हे घडलं ते ते बघतं आणि तिथे नलपॉइंटरएक्सेप्शन तयार करतं.

म्हणजे घटना घडते त्या क्षणी मशीनला "ओळ २१४" पेक्षा कितीतरी नेमकी जागा ठाऊक असते. ओळ ही माणसाने लिहिलेल्या फाइलमधली गोष्ट. मशीन चालतं बाइटकोडवर, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या बारीक आज्ञांवर, आणि एका ओळीत बाइटकोडच्या अनेक आज्ञा असतात. एरर ऑब्जेक्ट तयार होताना मशीन त्यात मेथड कोणती आणि त्या मेथडमधल्या कितव्या बाइटवरची आज्ञा चालू होती, हे टिपून ठेवतं. पुढे स्टॅक ट्रेस, म्हणजे एररपर्यंत कोड कुठून कुठून आला त्याची यादी, छापायची वेळ आली की फाइलमधल्या एका तक्त्यात बघून त्या बाइटच्या क्रमांकाचं ओळीच्या क्रमांकात रूपांतर होतं. इथे माहिती हरवते. आत "सातवा बाइट" असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आपल्यापर्यंत पोचतं ते "ओळ २१४". घर क्रमांक माहीत असलेल्या माणसाने आपल्याला फक्त गल्लीचं नाव सांगावं, तसंच हे.

उतरंड

बाइटकोडच्या आज्ञा कशा चालतात ते बघू. जावाचं मशीन हिशोब करताना वस्तू एकावर एक रचत जातं, आपल्याकडे पूर्वी स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असायची तशी. नवीन मडकं वर ठेवायचं, काढायचं तेही वरूनच. इंग्रजीतला स्टॅक तो हाच.

आपली ओळ मेथडमधली पहिलीच आहे आणि 'मागणी' ही मेथडला बाहेरून मिळालेली पहिली वस्तू आहे असं धरू. कंपायलर त्या ओळीच्या पाच आज्ञा करतो. शून्याव्या बाइटवर: मागणी उचलून उतरंडीवर ठेव. या आज्ञेला एकच बाइट पुरतो. पहिल्या बाइटवर: वरची वस्तू काढ, तिच्यावर 'ग्राहक' ही मेथड चालव, जे मिळेल ते उतरंडीवर ठेव. मेथड चालवायच्या आज्ञेला तीन बाइट लागतात, एक आज्ञेचा आणि दोन कुठली मेथड ते सांगणारे. म्हणून पुढची आज्ञा चौथ्या बाइटवर येते, ती 'पत्ता' चालवते. सातव्या बाइटवरची 'पिनकोड' चालवते आणि दहाव्यावरची 'तपास'.

आमच्या त्या रात्रीच्या ऑर्डरीत 'पत्ता' या मेथडने नल परत दिला होता. चौथ्या बाइटवरची आज्ञा बिनबोभाट पार पडली आणि उतरंडीवर कोरी चिठ्ठी ठेवून गेली. सातव्या बाइटवरची आज्ञा ती चिठ्ठी घेऊन निघाली आणि तिथे अडकली. एरर ऑब्जेक्टमध्ये नोंद झाली ती सातची.

आता फक्त हा "सात" आणि कंपाइल केलेली फाइल हातात घेऊन उलटा माग काढायचा. सातव्या बाइटवर कुठली आज्ञा आहे? 'पिनकोड' चालवायची. म्हणजे काय करता आलं नाही ते कळलं. मग तेव्हा उतरंडीवर सगळ्यात वर जी वस्तू होती ती कोणी ठेवली होती? त्यासाठी मशीन त्या मेथडचा बाइटकोड सुरुवातीपासून वाचत येतं. आज्ञा खरोखर चालवत नाही, प्रत्येक मडक्यावर मनात चिकटवत जातं, "हे शून्याव्याने ठेवलं, हे चौथ्याने ठेवलं". सातपर्यंत आलं की वरच्या मडक्यावर खूण दिसते: चौथा. आणि चौथ्या बाइटवर 'पत्ता' मेथड आहे. म्हणजे रिकामं काय होतं तेही कळलं.

या दोन उत्तरांची मिळून नवी एरर बनते. ती येते इंग्रजीत, पण तिचा अर्थ असा:

"पत्ता.पिनकोड()" चालवता येत नाही, कारण "ग्राहक.पत्ता()" ने परत दिलेलं मूल्य नल आहे.

मेथडला आर्ग्युमेंट, म्हणजे कामासाठी लागणाऱ्या किंमती, दिलेली असली तर ज्याच्यावर मेथड चालवायची ती वस्तू उतरंडीत त्या आर्ग्युमेंटच्या खाली असते. मेथडच्या सिग्नेचरमध्ये आर्ग्युमेंट किती ते लिहिलेलंच असतं, तेव्हा तितकी मडकी सोडून खालचं बघायचं. अ‍ॅरेच्या बाबतीत, फील्ड (वस्तूच्या आत साठवलेली माहिती) वाचताना, फील्डमध्ये लिहिताना, नल असलेलं एक्सेप्शन फेकताना, नलवर कुलूप घ्यायला जाताना, सगळीकडे हाच हिशोब चालतो. मेथडऐवजी नुसती फील्डची साखळी असेल तर एरर ती साखळीच लिहून दाखवते: "मागणी.ग्राहक.पत्ता" नल आहे. दोन पातळ्यांचा अ‍ॅरे असेल तर कुठल्या पातळीवर खिंडार पडलं तेही सांगते. कंसातल्या व्हेरिएबलचं नाव ती देते, त्याची किंमत देत नाही, कारण हा सगळा माग बाइटकोडवरून काढलेला आहे आणि बाइटकोडमध्ये किंमती नसतात.

कधी कधी माग तुटतो. "हे असेल तर घरचा पत्ता घे, नाहीतर ऑफिसचा घे, आणि त्यावर पिनकोड चालव" असं एका दमात लिहिलं तर उतरंडीवरचं ते मडकं दोन वेगळ्या वाटांनी आलेलं असू शकतं. प्रत्यक्षात कुठल्या वाटेने आलं हे नंतर नुसता बाइटकोड वाचून ठरवता येत नाही. अशा वेळी मशीन अंदाज बांधत नाही. काय करता आलं नाही तेवढा पहिला भाग सांगतं आणि "कारण" च्या आधी थांबतं. मला ही शिस्त फार आवडते. प्रॉडक्शनमध्ये आग लागलेली असताना चुकीचा माणूस दाखवणारा साक्षीदार गप्प बसणाऱ्या साक्षीदारापेक्षा घातक ठरतो.

खर्च कोणी सोसायचा

मेथड सुरुवातीपासून वाचून माग काढायचा म्हणजे वेळ जाणार. कित्येक जावा प्रोग्राम दर मिनिटाला शेकडो एक्सेप्शन फेकतात, वरचा कोड ती झेलतो आणि सोडून देतो, कोणी वाचतही नाही. त्या प्रत्येकासाठी माग काढत बसणं परवडणारं नाही. यावरचा तोडगा साधा आहे. एरर तयार होताना काहीच करायचं नाही, फक्त नेहमीची नोंद ठेवायची. कोणी तिचा मेसेज मागितला, म्हणजे ती लॉगमध्ये छापली जाऊ लागली, तरच हिशोब करायचा. ज्याला वाचायचं आहे त्याच्यासाठीच कष्ट.

दुसरा निर्णय मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. हे काम कंपायलरवर न टाकता चालणाऱ्या मशीनवर टाकलं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कंपाइल केलेली, जिचा मूळ कोड आता कोणाकडेच नाही अशी जार फाइल, म्हणजे कंपाइल केलेल्या जावा फाइलींचा गठ्ठासुद्धा नव्या जावावर चालवली की नीट एरर द्यायला लागते. कॉटलिन आणि स्कालासारख्या भाषांचा बाइटकोडही याच मशीनवर चालतो, त्यांनाही याचा फायदा मिळतो. मेथडची आणि फील्डची नावं फाइलमध्ये असतातच, कारण जावा एकमेकांना नावानेच शोधतो. त्यांच्याशिवाय प्रोग्राम चालणारच नाही.

लोकल व्हेरिएबलची, म्हणजे एका मेथडपुरत्या असणाऱ्या व्हेरिएबलची, गोष्ट वेगळी आहे. मशीनला त्यांच्या नावाशी देणंघेणं नसतं, नंबर पुरतो. डीबग माहितीसकट कंपाइल केलं तरच ती नावं फाइलमध्ये उतरतात. मेव्हन हे जावाचा कोड बिल्ड करायचं साधन ते आपणहून करतं. साध्या कंपायलरला नुसतं चालवलं तर तो ओळींचे क्रमांक ठेवतो पण लोकल नावं ठेवत नाही. मग एररमध्ये "लोकल ४" किंवा "पॅरामीटर १" असं काहीतरी दिसतं. तुमच्या लॉगमध्ये असं दिसत असेल तर बिल्डची सेटिंग एकदा बघा. एक पर्याय बदलला की पुढच्या प्रत्येक रात्रीचा त्रास वाचतो.

जावात हे यायला वेळ लागला. एसएपी या जर्मन कंपनीच्या स्वतःच्या जावा मशीनमध्ये ही सोय २००६ पासून होती. तिथल्याच इंजिनिअरांनी ती पुढे ओपनजेडीके या जावाच्या खुल्या प्रकल्पात आणली, प्रस्ताव क्रमांक ३५८. मार्च २०२० मध्ये आलेल्या जावा १४ मध्ये ती होती, पण बंद ठेवलेली. एक पर्याय देऊन चालू करावी लागे. सप्टेंबर २०२० च्या जावा १५ पासून ती आपोआप चालू असते. मोठ्या कंपन्या साधारणपणे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्यांवरच उड्या मारतात, ८ वरून ११, ११ वरून १७. त्यामुळे कित्येकांना ही एरर पहिल्यांदा दिसली ती जावा १७ वर गेल्यावर.

सुरुवातीला बंद ठेवण्यामागे काळजीची कारणं होती. कोडमधली नावं एररमध्ये येणार, आणि एखादी वेबसाइट एरर जशीच्या तशी ग्राहकाला दाखवत असेल तर आतल्या रचनेची माहिती बाहेर जाणार. ही भीती खोटी नाही. पण एरर ग्राहकाच्या स्क्रीनवर जशीच्या तशी जाऊ देणं हीच मुळात चूक आहे आणि ती तिथेच दुरुस्त करायला हवी. लॉग वाचणाऱ्याचे डोळे बांधून ती सुटत नाही.

दुसरा मुद्दा जुन्या सवयीचा: जुन्या कोडला या एररकडून मेसेज मिळायची सवयच नव्हती. आधी मशीनने फेकलेल्या या एररचा मेसेज मागितला तर मेसेज म्हणूनही नलच मिळायचा! एरर झेलणाऱ्या कोडने तो मेसेज घेऊन त्याची लांबी मोजायचा किंवा त्यात एखादा शब्द शोधायचा प्रयत्न केला की तिथे दुसरं नलपॉइंटरएक्सेप्शन उडायचं आणि पहिलं त्याच्याखाली गाडलं जायचं. जुन्या सिस्टिमवर काम केलेल्यांनी हे नक्की भोगलं असेल.

वाचताना चकवणाऱ्या जागा

नवी एरर नेमकी असली तरी ती बाइटकोडची भाषा बोलते, आपल्या कोडची नाही. यामुळे काही ठिकाणी माणूस गोंधळतो.

समजा एका मॅपमध्ये, म्हणजे नावावरून मूल्य शोधायच्या यादीत, मालाचा साठा ठेवला आहे आणि तुम्ही लिहिलं की मॅपमधून "साखर" चा आकडा काढ आणि साध्या इंट व्हेरिएबलमध्ये ठेव. मॅपमध्ये साखर नाही. एरर म्हणते: "इंटिजर.इंटव्हॅल्यू()" चालवता येत नाही, कारण "मॅप.गेट" ने दिलेलं मूल्य नल आहे. तुम्ही कोड दहा वेळा वाचता, इंटव्हॅल्यू कुठेच लिहिलेलं नाही. ते कंपायलरने लिहिलं आहे. मॅप देतो तो इंटिजर ऑब्जेक्ट, तुम्हाला हवी साधी संख्या, म्हणून मधलं रूपांतर कंपायलरने गुपचूप घातलं. तसंच नल यादीवर फॉर लूप चालवला तर "इटरेटर()" ची तक्रार येते. स्ट्रिंगवर स्विच लिहिला आणि ती स्ट्रिंग नल निघाली तर "हॅशकोड()" ची तक्रार येते, आणि सोबत नाव येतं "लोकल २" सारखं काहीतरी, डीबग माहिती पूर्ण असली तरी. कारण ते व्हेरिएबलही कंपायलरनेच आपल्या सोयीसाठी बनवलेलं असतं. न लिहिलेलं नाव एररमध्ये दिसलं की घाबरू नये. त्या ओळीत रूपांतर, लूप किंवा स्विच कुठे आहे ते शोधावं.

काही वेळा मदतीचा मेसेज येतच नाही. मशीनने स्वतः फेकलेल्या एररलाच तो मिळतो. कोणी हाताने नवं नलपॉइंटरएक्सेप्शन बनवून फेकलं तर त्याला काय म्हणायचं आहे ते त्यानेच लिहायचं.

याहून हैराण करणारा प्रकार म्हणजे एकच एरर एकाच जागी हजारो वेळा येत राहणं. कोड खूप वेळा चालला की हॉटस्पॉट तो पुन्हा, अधिक वेगवान करून कंपाइल करतं. तेव्हा अशा सतत फेकल्या जाणाऱ्या एररसाठी ते दर वेळी नवं ऑब्जेक्ट न बनवता आधीच तयार ठेवलेलं एकच ऑब्जेक्ट वापरतं. त्यात ना स्टॅक ट्रेस असतो ना मेसेज. लॉगच्या शेवटी बघाल तर नुसतं नलपॉइंटरएक्सेप्शन, नलपॉइंटरएक्सेप्शन, अशा ओळींची रांग. अशा वेळी लॉग मागे सरकवत जा, मशीन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही एररमध्ये सगळा तपशील सापडतो. तेवढे जुने लॉग शिल्लक नसतील तर 'ओमिट स्टॅक ट्रेस इन फास्ट थ्रो' हा पर्याय बंद करून मशीन पुन्हा सुरू करता येतं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास चाचपडताना मी पाहिले आहेत.

इतर भाषांनी काय केलं

पायथनने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ पासून एररमध्ये ओळ छापली जाते आणि तिच्यातल्या चुकलेल्या तुकड्याखाली खुणा येतात. त्यासाठी पायथन कंपाइल करतानाच प्रत्येक आज्ञा ओळीतल्या कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंतची हे साठवून ठेवतो. फाइली त्यामुळे थोड्या फुगतात, पण नंतर माग काढावा लागत नाही. जावा साठवत काहीच नाही, लागेल तेव्हा उलटा हिशोब करतो. पायथनची खूण डोळ्यांना पटकन दिसते हे खरं. जावाचा मार्ग जुन्या फाइलींनाही लागू पडतो, त्याच्या वयाच्या भाषेला तोच शोभतो असं माझं मत.

जावास्क्रिप्ट ब्राउझरगणिक बदलतं. क्रोम सांगतो की अनडिफाइन्डवरून 'पिनकोड' वाचता येत नाही, म्हणजे काय वाचत होता ते सांगतो, रिकामं कोण होतं ते सांगत नाही. फायरफॉक्स बहुतेक वेळा थेट रिकाम्या वस्तूचं नाव घेतो. जावाच्या एररमध्ये हे दोन्ही अर्धे एकत्र आहेत. सी शार्पची एरर मात्र वर्षानुवर्षं तेच एक वाक्य बोलत आली: ऑब्जेक्ट रेफरन्स कुठल्याही ऑब्जेक्टला जोडलेला नाही. कुठला रेफरन्स, ते वाक्यात नाही.

एरर कुठे थांबते

आमच्या त्या रात्रीकडे परत येतो. जावा १७ असता तर लॉगमध्ये पहिल्याच नजरेला दिसलं असतं की 'ग्राहक.पत्ता()' ने नल दिला. ओळ तोडून डिप्लॉय करणं, वाट बघणं, यातलं काही करावं लागलं नसतं. पण पत्ता नल का होता, हे तेव्हाही कळलं नसतं. एरर कोरी चिठ्ठी कुठे उघडली ते सांगते, ती कोणी कोरी ठेवली ते नाही. चिठ्ठी कोरी ठेवली गेली होती दोन आठवडे आधी, वेगळ्याच टीमच्या कोडमध्ये. वेबसाइटवर "दुकानातून स्वतः घेऊन जाईन" असा नवा पर्याय आला होता. तो निवडणाऱ्या ग्राहकाला पत्ता विचारला जात नव्हता, आणि विचारायचं कारणही नव्हतं. अशा ऑर्डरीला लेबलच लागत नाही, ती आमच्यापर्यंत यायलाच नको होती.

तेव्हापासून मी कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे वस्तू तयार होते त्या कोडमध्येच, तपासणी लावतो. जावातल्या ऑब्जेक्ट्स वर्गातली 'रिक्वायर नॉन नल' ही मेथड त्यासाठी आहे. तिला वस्तूबरोबर दुसरं आर्ग्युमेंट म्हणून एक वाक्य देता येतं. पुष्कळ जण ते देत नाहीत, आणि मग लॉगमध्ये पुन्हा मुकी एरर येते. मी वाक्य देतो, आणि त्यात ऑर्डरचा क्रमांक घालतो: "लेबलसाठी पत्ता हवा, ऑर्डर अमुक". त्यामुळे कोरी चिठ्ठी आमच्या दारातच अडते, आणि ती कुठल्या ऑर्डरीबरोबर आली हे रात्री लॉग उघडणाऱ्याला पहिल्या ओळीत वाचता येतं.